मोटारीच्या रंगाचे पॉलिशिंग यंत्र

मोटारीच्या रंगाचे पॉलिशिंग यंत्र हे मोटारगाडीच्या रंगावरील बारीक ओरखडे, पाण्याचे डाग आणि कालांतराने आलेला धुरकटपणा घासून काढण्यासाठी वापरले जाणारे, हातात धरून चालवायचे विजेचे उपकरण आहे. महाराष्ट्रातील गॅरेजमध्ये या यंत्राला सहसा ‘बफिंग मशीन’ आणि त्याने केल्या जाणाऱ्या कामाला ‘रबिंग-पॉलिश’ किंवा नुसते ‘बफिंग’ म्हणतात. यंत्राच्या फिरत्या चकतीवर फोम, लोकर किंवा मायक्रोफायबरचे पॅड बसवतात, त्यावर अपघर्षक कण असलेले कंपाऊंड लावतात आणि ते रंगावर फिरवतात.

पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवला जातो आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. प्रत्येक वेळी रंगाचा थोडा भाग कायमचा निघून जातो. कारखान्यात दिलेला वरचा पारदर्शक थर एकदाच मिळत असल्याने, घरी वापरण्यासाठी यंत्र निवडताना ते किती वेगाने रंग काढते यापेक्षा ते किती नियंत्रितपणे काढते हा निकष महत्त्वाचा ठरतो. याच कारणाने नवशिक्यांसाठी सामान्यतः रोटरी यंत्राऐवजी ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचे यंत्र सुचवले जाते.

## रंगाचे थर

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक अनेक थर असतात. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. त्यानंतर गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विद्युत प्रवाहाच्या साह्याने गंजरोधक प्रायमर चढवला जातो. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंगद्रव्य असलेला बेसकोट आणि शेवटी रंगहीन, पारदर्शक क्लिअरकोट असतो. चकाकी, पाण्यापासून संरक्षण आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचाव ही कामे प्रामुख्याने हा शेवटचा थर करतो.

या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे ९० ते १५० मायक्रॉन असते. छपाईसाठी वापरला जाणारा नेहमीचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा संपूर्ण रंग जवळपास एका कागदाइतकाच जाड असतो. त्यातला क्लिअरकोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. हलक्या पॉलिशने यातील एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी भाग निघतो. जाड कंपाऊंड आणि लोकरीचे पॅड वापरल्यास हे प्रमाण वाढते, तर वॉटर पेपरने घासल्यास आणखी वाढते. क्लिअरकोट पातळ झाला की त्यातील अतिनीलरोधक द्रव्येही कमी होतात. मग काही वर्षांत तो पांढरट पडून पापुद्र्यांनी सुटू लागतो. असा थर पॉलिशने सुधारत नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

थराची जाडी सगळीकडे सारखी नसते. बॉनेटच्या कडा, दरवाजांच्या धारा आणि पत्र्यावरील उठावाच्या रेषा येथे ओला रंग वाळताना बाजूला ओढला जातो, त्यामुळे तेथे थर पातळ राहतो. पॉलिश करताना रंग ‘फुटण्याच्या’, म्हणजे खालचा थर उघडा पडण्याच्या घटना बहुतेक वेळा याच जागी घडतात.

कारखान्यातील क्लिअरकोट सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला जातो. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला एवढे तापमान देता येत नाही, कारण तेव्हा गाडीत काच, रबर, वायरिंग आणि प्लॅस्टिकचे भाग बसवलेले असतात. तेथे दोन घटकांचा क्लिअर वापरून तो सुमारे ६० अंशांना किंवा साध्या हवेत वाळवतात. त्यामुळे एकाच गाडीच्या दोन दरवाजांवर एकच यंत्र आणि एकच कंपाऊंड वेगवेगळा परिणाम देऊ शकतात.

## ओरखडे पडण्याची कारणे

उन्हात किंवा दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल नक्षीकाम दिसते, त्याला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. प्रत्यक्षात हे ओरखडे गोल नसून सर्व दिशांना गेलेले असतात. प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले ओरखडेच तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो.

पुणे शहरात असे ओरखडे पडण्याची कारणे रोजच्या वापराशी जोडलेली आहेत. अनेक गृहनिर्माण संस्थांमध्ये पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्याने अनेक गाड्या पुसल्या जातात. बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ रंगावर बसलेली असते. पुरेशा पाण्याने ती न धुता फडके फिरवले की तीच धूळ पॉलिशपेपरसारखे काम करते. दोष पुसणाऱ्याच्या हातापेक्षा पाण्याच्या तुटवड्यात अधिक असतो. शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून पाणी मिळते. उन्हाळ्यात साठा घटला की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणे परवडत नाही.

धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते, पण उपनगरांतील अनेक संस्था बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर अवलंबून आहेत. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्याचे थेंब उन्हात वाळले की पांढरी कडी उरतात आणि जुनी झाल्यावर ती क्लिअरकोटमध्ये खोलवर उतरतात. झाडाखाली उभ्या केलेल्या गाड्यांवर पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक पडून रंग खाल्ला जातो. ताजे डाग धुऊन निघतात. रंगात उतरलेल्या डागांसाठी मात्र पॉलिशची गरज पडते.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस गाड्यांना ब्रशने व्हार्निश लावले जाई आणि ते वाळण्यास कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोज लॅकर ‘ड्युको’ या नावाने बाजारात आणले आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाडीवर ते वापरले. हा रंग फवारणीने लावता येई आणि लवकर वाळे, मात्र चकाकी येण्यासाठी तो घासून पॉलिश करावा लागे. भारतात फर्निचरच्या फवारणीच्या रंगकामाला आजही ‘ड्युको पेंट’ म्हणतात, ते याच नावावरून.

भारतात अ‍ॅम्बॅसेडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात बहुतेक गाड्यांचा रंग वेगळ्या क्लिअरकोटविना असे. अशा एकथरी रंगाला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. तो रंग तुलनेने जाड असे आणि गॅरेजमधील कारागीर लांबी भरणे, वॉटर पेपरने घासणे आणि शेवटी रबिंग कंपाऊंडने हाताने चमकवणे या क्रमाने काम करीत. क्लिअरकोट असलेले रंग रूढ झाल्यावर हाताने घासून समान परिणाम मिळवणे कठीण झाले आणि यंत्रांचा वापर वाढला.

रोटरी पॉलिशर हा रचनेने अँगल ग्राइंडरचा संथ गतीचा भाऊबंद आहे. जर्मनीतील फ्लेक्स ही कंपनी १९२२ साली स्थापन झाली. तिच्या नावावरून जर्मन बोलीभाषेत अँगल ग्राइंडरलाच ‘फ्लेक्स’ म्हणतात. पुढे ही कंपनी पॉलिशिंग यंत्रांसाठीही ओळखली जाऊ लागली. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रे मुळात लाकूड आणि लांबी घासण्याच्या सँडरवरून विकसित झाली. इटलीतील रुपेस या १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने २०१० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीस १५ आणि २१ मि.मी. थ्रोची यंत्रे आणली. त्यानंतर मोठ्या थ्रोचे ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र हा प्रकार जगभर रूढ झाला.

## यंत्रांचे प्रकार

### रोटरी

रोटरी यंत्रात चकती एकाच अक्षाभोवती सरळ फिरते. गती बहुधा मिनिटाला ६०० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान असते. पॅडच्या मध्यभागी वेग जवळपास शून्य, तर कडेला सर्वाधिक असतो. यंत्र एका जागी क्षणभर जास्त थांबले किंवा तिरके धरले गेले तर कडेचा दाब आणि वेग एकाच ठिकाणी एकवटतो आणि रंग तापतो. खोल दोष लवकर काढण्यासाठी ते प्रभावी आहे. मात्र सराव नसल्यास त्याच्या फिरण्याच्या दिशेने ‘होलोग्राम’ म्हणजे तिरक्या प्रकाशात दिसणाऱ्या लाटांसारख्या खुणा राहतात.

### ड्युअल अ‍ॅक्शन

ड्युअल अ‍ॅक्शन, संक्षेपाने डीए, यंत्रात चकती एका लहान वर्तुळावरून घिरट्या घालते आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळेपणाने फिरते. घिरटीच्या वर्तुळाच्या व्यासाला ‘थ्रो’ म्हणतात. तो बहुधा ८ ते २१ मि.मी. असतो. दोन गतींच्या मिश्रणामुळे कंपाऊंडचा प्रत्येक कण वेगळ्या मार्गाने जातो आणि खुणा एका दिशेत साचत नाहीत. जास्त दाब दिला किंवा पॅड वळणदार भागावर नीट टेकले नाही, तर चकतीचे स्वतःभोवती फिरणे थांबते आणि यंत्र केवळ थरथरते. अशा वेळी काम मंदावते, पण रंगाचे नुकसानही सहसा टळते.

### गिअरचालित ड्युअल अ‍ॅक्शन

या प्रकारात घिरटी आणि फेरी या दोन्ही गती गिअरने जोडलेल्या असतात, त्यामुळे दाबाखालीही चकती थांबत नाही. त्याची कापण्याची क्षमता रोटरी आणि साध्या डीए यांच्या मधली असते. मात्र चकती थांबून मिळणारी सुरक्षितता यात नसते. यंत्र हातात ओढ घेते आणि कंपनेही अधिक जाणवतात.

### वेगांची तुलना

पॅडवरील बिंदूचा वेग वर्तुळाचा परीघ आणि मिनिटाच्या फेऱ्या यांच्या गुणाकारावरून काढता येतो. खालील आकडे या गणिताने काढलेले आहेत. डीए यंत्रांच्या बाबतीत केवळ घिरटीचा वेग धरला आहे. चकतीची स्वतःभोवतीची संथ फेरी त्यात मिळवलेली नाही.

| यंत्र | वर्तुळाचा व्यास | मिनिटाला फेऱ्या | वेग (मीटर प्रति सेकंद) |
|---|---|---|---|
| डीए, लहान थ्रो | ८ मि.मी. | ४,००० | १.७ |
| डीए, मध्यम थ्रो | १५ मि.मी. | ४,००० | ३.१ |
| डीए, मोठा थ्रो | २१ मि.मी. | ४,००० | ४.४ |
| रोटरी, पॅडची कड | १५० मि.मी. | १,५०० | ११.८ |
| अँगल ग्राइंडर, चकतीची कड | १०० मि.मी. | ११,००० | ५७.६ |

घर्षणाने निर्माण होणारी उष्णता वेग आणि दाब या दोहोंबरोबर वाढते. रोटरीची कड मध्यम थ्रोच्या डीए यंत्राच्या जवळपास चौपट वेगाने घासते, म्हणून तिला चुकीची मुभा कमी असते.

## निवडीचे निकष

थ्रो. ८ ते १२ मि.मी. थ्रोचे यंत्र वळणदार भागांवर, आरशांवर आणि बंपरवर सहज हाताळता येते आणि चकती थांबण्याचे प्रमाण कमी असते. १५ मि.मी. थ्रो बॉनेट, छप्पर आणि दरवाजे यांसारख्या सपाट भागांवर कमी वेळात काम करतो आणि तरीही नवशिक्याला झेपतो. २१ मि.मी. थ्रो मोठ्या एसयूव्हीच्या सपाट पत्र्यासाठी उपयुक्त आहे, पण लहान हॅचबॅकच्या अरुंद, वळणदार भागांवर तो गैरसोयीचा ठरतो. एकच यंत्र घ्यायचे असल्यास १२ ते १५ मि.मी. हा मधला पल्ला बहुतेक गाड्यांना पुरतो.

चकतीचा आकार. १२५ मि.मी. आणि १५० मि.मी. या दोन मापांच्या चकत्या प्रचलित आहेत. मोठ्या चकतीचे क्षेत्रफळ लहान चकतीपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त असते. त्यामुळे काम लवकर होते, पण अरुंद जागी ती बसत नाही आणि ती फिरवायला मोटरला जास्त ताकद लागते. दरवाजाच्या मुठीजवळ आणि खांबांवर ७५ मि.मी. चकतीचे छोटे यंत्र वापरतात किंवा तो भाग हाताने करतात.

मोटर आणि वेगनियंत्रण. घरगुती वापराच्या डीए यंत्रांची क्षमता बहुधा ५०० ते ९०० वॅट असते. केवळ वॅटचा आकडा मोठा असणे पुरेसे नाही. भार आल्यावर गती टिकवून धरणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि हळूहळू सुरू होणारी मोटर या सोयी अधिक उपयोगी असतात. एकदम पूर्ण गतीने सुरू होणारे यंत्र पॅडवरचे कंपाऊंड भिंतीवर आणि शेजारच्या गाडीवर उडवते.

वायर की बॅटरी. बॅटरीचे यंत्र बेसमेंट पार्किंगमध्ये सोयीचे असते, कारण तेथे प्लग जवळ नसतो. पण १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. यंत्र सरासरी ३०० वॅट घेत असेल तर ती सुमारे १८ मिनिटांत संपते. पूर्ण गाडीसाठी अनेक बॅटऱ्या आणि वेगवान चार्जर लागतात. वर्षातून एक-दोनदाच वापर असल्यास वायरचे यंत्र स्वस्त आणि पुरेसे ठरते.

वजन आणि कंपने. दुकानात यंत्र उचलताना जे वजन हलके वाटते, तेच छपरावर हात लांब करून तासभर धरताना जड होते. यंत्र चालू करून, पॅड हवेत न ठेवता एखाद्या पृष्ठभागावर टेकवून कंपने तपासणे योग्य असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कामगाराच्या हाताला दिवसभरात सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापेक्षा अधिक कंपने बसत असतील, तर मालकाने उपाय करणे आवश्यक असते. यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेला कंपनांचा आकडा या पातळीशी ताडून पाहता येतो.

सुटे भाग. कार्बन ब्रश, बेअरिंग आणि बॅकिंग प्लेट हे झिजणारे भाग आहेत. विशेषतः वेल्क्रो असलेली बॅकिंग प्लेट उष्णतेने खराब होते. हे भाग स्थानिक बाजारात मिळत नसतील तर स्वस्त यंत्रही महाग पडते. पुण्यात हत्यारे आणि हार्डवेअरसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, तर वाहनांचे सुटे भाग आणि साहित्यासाठी नाना पेठ हे जुने बाजार आहेत. तेथे यंत्र हातात घेऊन पाहता येते आणि दुरुस्तीची चौकशी करता येते.

एकूण खर्च. यंत्राच्या किमतीत पॅड, कंपाऊंड, मायक्रोफायबरची फडकी, मास्किंग टेप आणि क्ले यांचा खर्च मिळवावा लागतो. सर्व पैसे यंत्रावर खर्च करून एकच पॅड घेण्यापेक्षा साधे यंत्र आणि पाच-सहा चांगली पॅड घेतल्यास परिणाम सहसा चांगला मिळतो, कारण भरलेले, तापलेले पॅड कोणत्याही यंत्रावर नीट काम करीत नाही.

## ग्राइंडर आणि ड्रिलचा पर्याय

घरात असलेल्या अँगल ग्राइंडरवर किंवा ड्रिलवर पॅड बसवून काम भागवण्याचा प्रयत्न अनेकदा केला जातो. वरील तक्त्यातून ग्राइंडरचा धोका दिसतो: त्याचा वेग रोटरी पॉलिशरच्या जवळपास पाचपट आहे. फोमचे पॅड एवढ्या गतीसाठी बनवलेले नसते; ते फाटून उडू शकते आणि रंग काही सेकंदांत जळतो. गती कमी करण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर जोडणे हा उपाय धोकादायक आहे, कारण तो एवढा भार वाहून नेण्यासाठी नसतो.

ड्रिलची गती कमी असली तरी त्याची पकड पॅड समतल धरण्यासाठी योग्य नसते आणि बेअरिंगवर बाजूने सतत दाब येतो. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिक काचेसारख्या छोट्या कामापुरता त्याचा उपयोग होतो. पत्र्याच्या मोठ्या भागांसाठी तो सुचवला जात नाही.

## पॅड आणि कंपाऊंड

यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम पॅड आणि कंपाऊंडच्या जोडीवर अवलंबून असतो.

* लोकरीचे पॅड सर्वाधिक कापते आणि प्रामुख्याने रोटरीवर वापरले जाते.
* मायक्रोफायबरचे पॅड डीए यंत्राची कापण्याची क्षमता वाढवते, परंतु मऊ रंगावर बारीक धुरकट खुणा सोडू शकते.
* फोमचे पॅड कठीण, मध्यम आणि मऊ अशा प्रतींत मिळते. रंगांवरून प्रत ओळखण्याची पद्धत असली तरी कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. एका कंपनीचे पिवळे पॅड दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्या पॅडपेक्षा वेगळे असू शकते.

बहुतेक कंपाऊंडमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडचे सूक्ष्म कण असतात. काहींतील कण घासताना फुटून बारीक होत जातात, तर काहींतील शेवटपर्यंत सारखेच राहतात. बाजारातील काही स्वस्त पॉलिशमध्ये तेल, मेण किंवा सिलिकोन असते. ते ओरखडे झाकते, पण चार-पाच धुण्यांनंतर ओरखडे पुन्हा दिसू लागतात. खरे काम झाले आहे की नाही हे पाहण्यासाठी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून उजेडात तपासतात.

## जाडी मोजणे

रंगाची जाडी मोजणारे छोटे मापक पोलादी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी प्रवाहाने काम करते. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. त्यासाठी वेगळे, श्राव्यातीत ध्वनीचे मापक लागते. मापक सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते, क्लिअरकोट किती उरला आहे हे सांगत नाही. तरीही त्यातून उपयुक्त माहिती मिळते. बहुतेक भागांवर ११० मायक्रॉनच्या आसपास वाचन येत असताना एका दरवाजावर २५० आले, तर तो भाग पुन्हा रंगवला असण्याची दाट शक्यता असते. याउलट एखाद्या जागी वाचन शेजारच्या भागापेक्षा बरेच कमी आले, तर तेथे आधीच घासले गेले असावे आणि तो भाग न छेडणे श्रेयस्कर असते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठीही हे मापक उपयोगी पडते.

## घरी वापर

### जागा, वीज आणि ऋतू

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. ९०० वॅटचे यंत्र सुमारे ३.९ अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे ६ अँपिअरचा साधा प्लग पुरतो. एक्स्टेंशन वायर जाड, म्हणजे १.५ चौरस मि.मी. तारेची असणे आणि रिळावरून पूर्ण सोडलेली असणे आवश्यक आहे. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. गाडी धुतलेल्या ओल्या फरशीवर काम असल्यास ३० मिलिअँपिअरचा गळती प्रवाह संरक्षक स्विच असणे जीवरक्षक ठरते. पार्किंगमधील प्लग बहुधा सामाईक मीटरवर असल्याने गृहनिर्माण संस्थेची परवानगी घेणे शिष्टसंमत असते. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे; त्यामुळे हे काम दिवसाच करावे लागते.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावणे कठीण होते. अशा पत्र्यावर कंपाऊंड क्षणात वाळते आणि धुळीसारखे उडते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत उघड्यावर काम होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा आणि थंड काळ सावलीत किंवा आडोशाला काम करण्यास सर्वांत सोयीचा असतो.

### कामाचा क्रम

१. गाडी भरपूर पाण्याने धुऊन, चिकटलेली घाण क्लेने काढून पूर्ण कोरडी करतात. राहिलेला एक वाळूचा कणही पॅडखाली नवे ओरखडे पाडतो.

२. रबर, काळे प्लॅस्टिक, बोधचिन्हे आणि पत्र्याच्या धारांवर मास्किंग टेप लावतात.

३. बॉनेटवर सुमारे ५० सें.मी. लांबी-रुंदीचा भाग निवडून आधी मऊ पॅड आणि हलके पॉलिश वापरून चाचणी घेतात. अपेक्षित परिणाम न मिळाल्यासच पुढची, अधिक कापणारी जोडी वापरतात.

४. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब लावून यंत्र बंद असतानाच ते पसरवतात. मग मध्यम गतीने, यंत्राच्या वजनापेक्षा थोडाच अधिक दाब देऊन, उभ्या-आडव्या पट्ट्यांत तीन-चार वेळा सावकाश फिरवतात.

५. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करतात, पत्रा पुसून उजेडात तपासतात आणि दोन-तीन भागांनंतर पॅड बदलतात.

बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ ओढली तर चकती फिरत आहे की नुसतीच थरथरत आहे हे लगेच दिसते. सराव नसलेल्या व्यक्तीला पूर्ण गाडीसाठी एक दिवस सहज लागतो. सुरुवातीचा सराव भंगारातून आणलेल्या एखाद्या जुन्या बॉनेटवर किंवा दरवाजावर करणे उपयुक्त ठरते.

## सुरक्षितता

यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असल्यास ते दुहेरी विद्युतरोधक असते. हातात धरून चालवायच्या विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६२८४१ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे. काम करताना चष्मा, मास्क आणि कानांसाठी प्लग वापरतात. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस फिरत्या पॅडमध्ये, विशेषतः रोटरीत, अडकू शकतात. यंत्राची वायर खांद्यावरून मागे टाकल्यास ती पॅडखाली येत नाही आणि रंगावर घासतही नाही. पॅड बदलताना प्लग काढलेला असावा लागतो.

## मर्यादा

नख फिरवल्यावर अडकणारा ओरखडा बहुधा पॉलिशने सुरक्षितपणे पूर्ण निघत नाही. तो थोडा बोथट करून सोडून देणे इष्ट असते. दगड उडून निघालेला रंग, गंज आणि पापुद्रे सुटलेला क्लिअरकोट यांवर या यंत्राचा उपयोग नाही. मॅट रंगावर पॉलिश केल्यास ठिकठिकाणी चकाकी येऊन तो कायमचा बिघडतो. प्लॅस्टिकचे बंपर उष्णता वाहून नेत नाहीत, म्हणून तेथे गती आणि दाब दोन्ही कमी ठेवावे लागतात.

मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग हे पॉलिशनंतरचे संरक्षक थर आहेत. ते ओरखडे काढत नाहीत, तर आहे त्या पृष्ठभागाला झाकतात. धुण्याची पद्धत तीच राहिली तर काही महिन्यांत ओरखडे परत येतात. दर वर्षी पूर्ण गाडी कंपाऊंडने घासण्यापेक्षा एकदा नीट पॉलिश करून पुढे दोन बादल्या, स्वच्छ मायक्रोफायबर आणि धूळ आधी पाण्याने सोडवण्याची सवय ठेवल्यास कारखान्याचा मूळ थर गाडीच्या आयुष्यभर टिकू शकतो.

## हेही पाहा

* अँगल ग्राइंडर
* अपघर्षक
* गंज
* कठीण पाणी
* मोटारवाहन